नऊ इंची कॉलम आणि संध्याकाळचा वर्ग

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की बांधकाम क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांना पुढच्या शिक्षणाबद्दल काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं लिहा. इंदूर, देवास, महू इथून बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते आहे. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलं आहे, म्हणून कोणाचंच नाव देत नाही.

ताई, नमस्कार. बी.ई. सिव्हिल होऊन बारा वर्षं झाली. सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे. घरी आई-बाबा, बायको आणि दुसरीतली मुलगी. नोकरी सोडून शिकणं शक्य नाही. संध्याकाळच्या वर्गाला बसून एम.ई. करावं असं खूप वाटतं, पण मित्र म्हणतात, या वयात कागद घेऊन काय करशील? गणित तर पार विसरलोय. आणखी एक. आमचे मालक सगळे कॉलम नऊ इंचीच हवेत म्हणतात, भिंतीच्या बाहेर आले तर फ्लॅट विकला जात नाही. हे बरोबर नाही असं मला आतून वाटतं, पण का बरोबर नाही ते सांगता येत नाही, म्हणून गप्प बसतो. — सुदामा नगरचा एक वाचक

तुम्ही एम.ई.बद्दल विचारलंत आणि कॉलमचं ‘आणखी एक’ म्हणून शेवटी लिहिलंत. मी उलट्या क्रमानं उत्तर देते, कारण एम.ई. कशासाठी करायचं ते त्या कॉलममध्येच आहे.

नऊ इंच म्हणजे २३० मिलिमीटर. भूकंपरोधक डिटेलिंगचा, म्हणजे सळया कशा बसवायच्या याचा, आपला कोड (भारतीय मानक), आयएस १३९२०, त्याच्या २०१६च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी सांगितली आहे. शिवाय त्या कॉलममधून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या वीसपटही ती हवी. म्हणजे बीममध्ये १६ मिमीची सळई असेल तर ३२० मिमी. इंदूर भूकंप क्षेत्र तीनमध्ये धरलं जातं, तेव्हा हा नियम आपल्याला लागू आहे. आता ‘का’ ते पाहू. इमारत हलते तेव्हा बीमची तीच सळई कॉलमच्या एका बाजूला ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूला दाबली जाते, आणि पुढच्या क्षणी हे उलटं होतं. हे सगळं बळ सळईनं कॉलमच्या जाडीएवढ्या काँक्रीटमध्ये पकड धरून सोसायचं असतं. जाडी २३० असली की पकडीला लांबी पुरत नाही, सळई बीम-कॉलमच्या सांध्यातून सरकते आणि सांधा सैल पडतो. वीसपट हा आकडा तिथून आला आहे. मालकांना हे कागदावर रेघा मारून दाखवा. ते लगेच ऐकतील असं मी म्हणत नाही. पण तुम्ही गप्प बसणार नाही. आणि डिझाइनरला फोन करून ‘कॉलम दुसऱ्या दिशेनं फिरवून, जाडी जिन्याच्या आणि डक्टच्या बाजूला काढता येईल का?’ असं नेमकं विचारू शकाल. पुष्कळदा येते.

तसंच कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगांच्या हुकाचं. उद्या साइटवर गेलात की कॉलमच्या रिंगांची टोकं बघा. काटकोनात वाकवून सोडली आहेत, की १३५ अंशात आत, गाभ्याकडे वळवली आहेत? काटकोनातलं टोक कव्हरच्या, म्हणजे सळयांबाहेरच्या पातळ थराच्या, काँक्रीटमध्ये असतं. हादऱ्यात कव्हर आधी सुटतं, त्याबरोबर हुक उघडतो, रिंग ढिली पडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक आत वळवून पुढे रिंगेच्या सळईच्या व्यासाच्या सहापट, आणि निदान ६५ मिमी, सोडलेलं असेल तर गाभा फुटेपर्यंत रिंग सुटत नाही. फिटरला हे वाकवायला जास्त वेळ लागतो, म्हणून तो टाळतो. त्याला रागावण्यापेक्षा एकदा कारण सांगा. आपल्याकडचे मिस्त्री कारण कळलं की काम मन लावून करतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

अशा बारा वर्षांतल्या शंकांची उत्तरं एम.ई.च्या वर्गात मिळतात. म्हणून माझं स्पष्ट मत : करा. वयाचं म्हणाल तर बावीस वर्षांच्या मुलापेक्षा तुम्हाला हे शिक्षण जास्त पचेल. त्यानं सांधा कधी भरताना बघितलेला नसतो.

आता व्यवहाराचं. आपल्या शहरात १९५२ साली सुरू झालेली श्री गोविंदराम सेक्सरिया संस्था आहे, पार्क रोडवर, आणि तिथे नोकरदारांसाठी अर्धवेळ एम.ई. चालत आलं आहे. यंदा कोणत्या शाखेत किती जागा आहेत ते प्रवेश कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका. पूर्णवेळ एम.ई. दोन वर्षांचं असतं, अर्धवेळ साधारण तीन वर्षांचं. गेट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर पूर्णवेळ शिकणाऱ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात, ते अर्धवेळ विद्यार्थ्याला मिळत नाहीत, म्हणून फीची सोय आपल्यालाच करायची. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र आणि अनुभवाचा दाखला लागतो. मालकांशी बोलणी या पत्रापासूनच सुरू करा, आणि बोलताना स्लॅबचा विषय तुम्हीच काढा. स्लॅब भरायला घेतला की रात्र होते आणि काँक्रीट मध्येच थांबवता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवशी वर्ग बुडणार. तेव्हा सेमिस्टरचं वेळापत्रक हातात आलं की स्लॅबच्या तारखा शक्यतो शनिवार-रविवारी धरायच्या आणि परीक्षेच्या आठवड्यात दुसऱ्या इंजिनिअरनं साइट सांभाळायची, हे आधी ठरवून घ्या. मी स्वतः नोकरी करत संध्याकाळी शिकले आहे. वर्गातले जे गळाले ते अभ्यास जमला नाही म्हणून नव्हे, हजेरीच्या आकड्यानं गळाले.

गणिताची भीती रास्त आहे, पण ती दोनच ठिकाणी खरी ठरते : मॅट्रिक्स आणि दुसऱ्या कोटीची डिफरन्शिअल समीकरणं. प्रवेशाआधीच्या पावसाळ्यात एवढं घोटून घ्या. बाकीचं वाटेत आठवतं.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्धवेळ शिकणाऱ्यांची गाडी अडते ती प्रबंधावर. लेखी विषय सुटतात, मग विषयच सुचत नाही म्हणून वर्ष जातं, दुसरं जातं. तुम्ही पहिल्याच सेमिस्टरमध्ये आपल्या साइटवरचा प्रश्न उचला. आपल्याकडची काळी माती घ्या. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच फुगते, आणि हलकी, एकमजली बांधकामं तिच्यावर वर-खाली होतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली घरं तुम्हाला सुपर कॉरिडॉरच्या अलीकडच्या जुन्या गावठाणात कितीतरी दिसतील. याच मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले. फुग्याचा व्यास सहसा खांबाच्या अडीचपट, आणि खोल काळ्या मातीत लांबी निदान साडेतीन मीटर, म्हणजे ओल-सुकीचा खेळ चालतो त्या थराच्या खाली पाय रोवलेला. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा, तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. मे महिन्यात लावलेल्या पट्ट्या ऑगस्टमध्ये काय सांगतात, शेजारी मातीची ओल किती, पाया कोणता, याची नोंद दोन पावसाळे ठेवलीत तर तुमच्याकडे असा माल असेल जो ग्रंथालयात बसून कोणालाही मिळणार नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांना असा विद्यार्थी हवाच असतो.

मी देवासला एका कंपनीच्या प्रोजेक्ट विभागात आहे. डिप्लोमा सिव्हिल. पुढे मास्टर्स करायचं तर आधी पदवी हवी. घरबसल्या, दूरशिक्षणानं बी.टेक. देतो अशी जाहिरात बघितली. दुसरा एक जण म्हणतो ए.एम.आय.ई. कर. काय करू? — देवासचा वाचक

जाहिरातीच्या वाटेला जाऊ नका. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अभिमत विद्यापीठांच्या, परवानगीवाचून दूरशिक्षणानं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. कित्येकांच्या पदव्या निलंबित झाल्या, काहींच्या रद्द झाल्या, आणि त्या पदवीवर मिळालेल्या बढत्याही अडचणीत आल्या. इंजिनिअरिंगची पदवी घरबसल्या मिळत नाही, प्रयोगशाळा आणि प्रात्यक्षिकं असतातच.

ए.एम.आय.ई.चं, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षेचं, त्या दुसऱ्यानं सांगितलं ते जुन्या माहितीवर. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांसाठीच ती परीक्षा पदवीच्या बरोबरीची मानली जाते. एके काळी त्या परीक्षेनं फार चांगले इंजिनिअर घडवले, पण आज नव्यानं नाव नोंदवून तुमचं काम होणार नाही.

तुमचा रस्ता तिसरा आहे. डिप्लोमाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. आणि नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायला एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, कॉलेजांना परवानगी देण्याची व्यवस्था केली आहे. त्यासाठी निदान एक वर्षाचा नोकरीचा अनुभव लागतो आणि तुमचं काम कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावं लागतं. देवास-इंदूर अंतर त्यात बसतं. कॉलेजात गेलात की एकच कागद मागा : या वर्षाचं, या शाखेचं, नोकरदारांच्या तुकडीचं एआयसीटीई मान्यतापत्र. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

ताई, मी रामबागेत राहते, एका डिझाइन ऑफिसमध्ये सहा वर्षं ईटॅब्स या इमारतीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. मुलगा अडीच वर्षांचा. मॉडेल करते, रन करते, रिपोर्ट काढते. दरवेळी सर सांगतात तसा रिस्पॉन्स स्पेक्ट्रमला एक स्केल फॅक्टर टाकते, दोनच्या आसपासचा. तो कशासाठी ते मला माहीत नाही आणि आता सहा वर्षांनंतर विचारायची लाज वाटते. एम.ई. केलं तर हे कळेल का? पण संध्याकाळी सहा ते नऊ घराबाहेर राहणं आत्ता शक्यच नाही. — रामबागेतली वाचक

लाज अजिबात बाळगू नका. हा प्रश्न पडला, यातच तुम्ही पुढे आहात. आधी त्याचंच उत्तर घ्या.

झोपाळ्याला जसा स्वतःचा झोका असतो, तसा इमारतीला स्वतःचा हेलकाव्याचा काळ असतो. समजा इमारत १५ मीटर उंच आणि हादऱ्याच्या दिशेनं १६ मीटर लांब आहे. भूकंपाचं बळ किती धरायचं ते सांगणाऱ्या आयएस १८९३ या कोडच्या २०१६च्या आवृत्तीतलं विटांच्या भिंती असलेल्या इमारतीचं सूत्र म्हणजे ०.०९ गुणिले उंची, भागिले लांबीचं वर्गमूळ. उत्तर येतं साधारण ०.३४ सेकंद. आता तुमचं मॉडेल बघा. त्यात बीम आहेत, कॉलम आहेत, स्लॅब आहे. भिंती कुठे आहेत? भिंतीचं वजन तुम्ही टाकलंत, तिचा ताठपणा टाकला नाहीत. शिवाय तडे जातील हे धरून बीमचा ताठपणा ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के घेतलात, कोडच तसं सांगतो. मग मॉडेल मऊ पडतं आणि सॉफ्टवेअर काळ देतं समजा १.१ सेकंद. मध्यम जमिनीच्या रिस्पॉन्स स्पेक्ट्रमवर, म्हणजे हेलकाव्याच्या काळानुसार बळ दाखवणाऱ्या आलेखावर, ०.५५ सेकंदापर्यंत बळाचा गुणक २.५ आहे, त्यापुढे तो १.३६ भागिले काळ असा उतरतो. १.१ सेकंदाला तो १.२४ उरला. म्हणजे मॉडेल जेवढं बळ धरतं ते खऱ्या भिंतीवाल्या इमारतीवर येणाऱ्या बळाच्या निम्मंच. म्हणून कोड म्हणतो, सूत्रानं आलेल्या तळाच्या बळापर्यंत तुमचं उत्तर वाढवा. तोच तुमचा स्केल फॅक्टर, आणि म्हणूनच तो दोनच्या आसपास येतो.

पण इथे थांबू नका. तुमच्या बिल्डिंगमध्ये खाली स्टिल्ट पार्किंग असेल, बहुतेक असतंच. मग वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा आहे आणि तळमजला मोकळा आहे. सगळं हलणं त्या एका मजल्याच्या कॉलमांवर येतं. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या, माणसं गेली. स्केल फॅक्टर टाकून तळाचं एकूण बळ बरोबर येतं, पण मॉडेलमध्ये सगळेच मजले सारखे मऊ असल्यानं तळमजला वरच्यांच्या मानानं किती कमजोर आहे ते दिसतच नाही. सरांना हे विचारा : ‘भिंती मॉडेलमध्ये घेऊन एकदा बघू का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कोणी हसणार नाही. आणि एखादा सर हसलाच, तर ते ऑफिस तुमच्या योग्यतेचं नाही असं मी खुशाल म्हणेन.

आता एम.ई.चं. आत्ता नको, दोन वर्षांनी करा. मुलगा शाळेत जायला लागू दे. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे स्ट्रक्चरल डायनॅमिक्सचे, म्हणजे इमारतींच्या हलण्याच्या शास्त्राचे, वर्ग आहेत. ऐकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये. बारा आठवड्यांच्या विषयात दर आठवड्याला गृहपाठ, त्यातले सर्वोत्तम आठ धरतात, त्यांचे २५ टक्के, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के. मुलगा झोपल्यावर तासभर मिळाला तरी हे झेपतं. एका वेळी एकच विषय घ्या, उत्साहात तीन घेऊ नका. आणि या अभ्यासात एक गणित हातानं सोडवाच : दोन मजल्यांची इमारत, दोन वस्तुमानं, दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स. शेवटी एक वर्गसमीकरण उरतं, त्याच्या दोन उत्तरांतून इमारतीचे दोन काळ मिळतात. मग तीच इमारत ईटॅब्समध्ये टाका. आकडे जुळले की जो विश्वास येतो तो कुठल्याही प्रमाणपत्रानं येत नाही. पुढे एम.ई.ला जाल तेव्हा बाकीचे ज्या विषयाला घाबरतात तो तुमचा झालेला असेल.

घरच्यांशी बोलण्याबद्दलही लिहिते, कारण तुमच्या पत्रात ते ओळींच्या मध्ये आहे. ‘मला शिकायचं आहे’ एवढंच म्हणालात तर सगळे हो म्हणतील आणि पहिल्या तापाच्या दिवशी तुम्हीच सुट्टी घ्याल. त्याऐवजी वार ठरवून घ्या : कोणत्या वारी मुलाला कोण जेवू घालणार, परीक्षेच्या महिन्यात सासूबाई येणार की आई. नवऱ्याच्या वाट्याचे वार कॅलेंडरवर लिहून भिंतीवर लावा.

मी मेकॅनिकलचा, विजय नगर भागात ऑफिसांना एसी बसवण्याच्या कामात आहे. ‘बिल्डिंग इंजिनिअरिंग’ नावाची वेगळीच शाखा परदेशात आहे असं कळलं. हे सिव्हिलच ना? मला जमेल का? — विजय नगरचा वाचक

सिव्हिलपेक्षा वेगळं आहे आणि तुम्हाला नक्की जमेल. कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात ही स्वतंत्र शाखा आहे, तिथलं इमारतशास्त्राचं केंद्र १९७७चं. तिथे इमारतीचा सांगाडा, बाहेरचं कवच, उष्णता, ओल, हवा, उजेड, आवाज हे सगळं एकत्र शिकवतात. आपल्याकडे हे विषय विखुरलेले आहेत : सांगाडा सिव्हिलकडे, एसी तुमच्याकडे, कवच कोणाकडेच नाही. त्यामुळे आर्किटेक्ट पश्चिमेला पूर्ण काच लावतो आणि दुपारची उष्णता निस्तरायला तुम्हाला बोलावतात.

या विषयाला आपल्या मालव्यात फार वाव आहे. इथल्या रात्री उन्हाळ्यातही गार होतात. जाड भिंतीचे जुने वाडे दिवसाची उष्णता अडवून धरायचे आणि रात्री सोडून द्यायचे. काचेचं ऑफिस रात्रीही बंदच, मग ती गार हवा आत येणार कुठून? घरांसाठी २०१८ साली केंद्र सरकारनं इको-निवास संहिता आणली. तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला आपल्यासारख्या हवामानात दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. हा आकडा काढून देणारा माणूस प्रत्येक बिल्डरला लागणार आहे.

परदेशाचा खर्च मोठा आहे, तेव्हा आधी इथेच चाचपून बघा. या उन्हाळ्यात तुम्ही एसी बसवलेल्या दोन ऑफिसांची परवानगी घ्या, एक पश्चिमेला काच असलेलं, एक भिंत असलेलं. दोन्हीकडे आतल्या पृष्ठभागाचं तापमान दुपारी दोन ते सहा दर अर्ध्या तासाला मोजा आणि वीज बिलं शेजारी ठेवा. मोजायचं साधन तुमच्याकडे असेलच. हे करताना मजा आली तर अर्ज भरा, आणि उद्देशपत्रात तेच आकडे लिहा.